उघड्या आकाशाखाली तिला भीती कशाची वाटेल?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

गुहागर तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका गावातून हे पत्र आले आहे. पत्रलेखिका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका असून एका दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहीत आहेत. कथेची नायिका १९ वर्षांची आहे, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका प्रचंड अंतराळ-वसाहतीत ती जन्मली आणि वाढली, आणि मे महिन्यात ती आयुष्यात पहिल्यांदा पृथ्वीवर, कोकणात आपल्या पणजीच्या घरी येते. गाडीतून उतरून ती उघडे आकाश पाहते, त्या प्रसंगापाशी कथा दोन महिने अडून आहे. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या भाचीचे म्हणणे असे की, छताखाली वाढलेली मुलगी आकाश पाहताच भयाने जमिनीला घट्ट धरील, कारण विज्ञानकथांत असेच घडते. लेखन करणाऱ्या मैत्रिणीचे म्हणणे असे की, तिने आनंदाने रडावे, कारण अखेर ती आपल्या मातीत परतली आहे. पत्रलेखिकेला दोन्ही प्रसंग लिहून पाहिल्यावर खोटे वाटले. शेवटी त्या विचारतात, "मी जन्मभर याच आकाशाखाली राहिले. जे मला रोज दिसते, ते पहिल्यांदा दिसल्यासारखे मी कसे लिहू?"

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमची अडचण लेखनाची आहे असे तुम्ही म्हणता, पण मला ती लेखनाच्याही थोडी आधीची वाटते. भाचीचा प्रसंग आणि मैत्रिणीचा प्रसंग वरवर परस्परविरोधी दिसतात. प्रत्यक्षात दोघींनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे. गाडीचे दार उघडते, मुलगी वर पाहते आणि त्या एका क्षणात एकच भावना तिला व्यापून टाकते, हे दोघींनाही मान्य आहे. वाद आहे तो केवळ ती भावना कोणती यावर. तुम्हाला दोन्ही प्रसंग खोटे वाटले ते मला यामुळेच वाटते. माणूस नव्या जागी येतो तेव्हा त्याला ती जागा लगेच दिसत नाही; जुन्या जागेतले काय काय इथे नाही, ते आधी जाणवते. सासरी आलेल्या मुलीला पहिल्या रात्री त्या घराचे देखणेपण दिसत नाही. माहेरी उशाशी असलेली खिडकी इथे पायाशी आहे, एवढ्यानेच तिची झोप उडते.

आधी भाचीचे म्हणणे पाहू, कारण त्यात तथ्य आहे, फक्त ते चुकीच्या जागी ठेवले गेले आहे. मोकळ्या आकाशाने हादरणाऱ्या माणसांचे विज्ञानकथेतले एक प्रसिद्ध चित्र आयझॅक आसिमोव्ह यांच्या १९५४ मधल्या 'द केव्हज ऑफ स्टील' या कादंबरीत आहे. पण तिथे उघड्यावर जायला घाबरतात ते पृथ्वीवरचे लोक, पिढ्यानपिढ्या पोलादी छताखालच्या शहरांत राहिलेले. दूरच्या ग्रहांवर वस्ती केलेल्या माणसांना उघड्या हवेचे काहीच वाटत नाही. म्हणजे भीतीचे नाते अंतराळाशी नसून सवयीच्या छपराशी आहे. तुमची नायिका तर जिला तळच नाही अशी पोकळी खिडकीतून जन्मभर पाहत आली आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला २०१० मध्ये सात काचांचा एक घुमट जोडला गेला. त्यातून सुमारे ४०० किलोमीटर खाली पृथ्वी सरकताना दिसते, आणि फावला वेळ तिथे घालवणे अंतराळवीरांना मनापासून आवडते. अशा मुलीला केवळ 'मोठे' दाखवून घाबरवता येणार नाही. तिने आपल्यापेक्षा कितीतरी मोठे पाहिले आहे. मात्र ते तिने नेहमी काचेच्या अलीकडून पाहिले आहे.

मोकळ्या जागेच्या भयाला वैद्यकात अ‍ॅगोराफोबिया म्हणतात. कार्ल वेस्टफाल या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८७१ मध्ये हा शब्द रूढ केला. नाव शहरातल्या मोकळ्या चौकांवरून पडले असले, तरी आज डॉक्टर त्याचा संबंध जागेच्या आकाराशी जोडत नाहीत. जिथून चटकन बाहेर पडता येणार नाही, किंवा काही झाले तर मदत मिळणार नाही असे वाटते, त्या परिस्थितीचे ते भय असते, आणि म्हणूनच ते खच्चून भरलेल्या एसटीतही येऊ शकते. तेव्हा तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न 'आकाश किती मोठे?' हा नाही. 'काही झाले तर' हे शब्द या मुलीच्या मनात येतात तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर नेमके काय येते, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर मला तरी एकच दिसते, ते म्हणजे हवा. अंतराळ स्थानकात वजन जाणवत नसल्याने गरम हवा वर जात नाही. झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्या तोंडाभोवतीच साचू शकतो, म्हणून तिथे पंखे अहोरात्र चालतात आणि त्यांची घरघर कधीच थांबत नाही. तुमची वसाहत स्वतःभोवती फिरणारी असल्यामुळे तिथे वजन असेल, तरीही बंद जागेतली हवा शुद्ध करून फिरवत राहावीच लागेल. अशा घरात वाढलेल्या मुलीला एकसारखी वाहणारी हवा म्हणजे सगळे ठीक, थांबलेली हवा म्हणजे यंत्र बंद पडले, आणि अचानक जोराने एका दिशेला धावणारी हवा म्हणजे भिंतीला कुठेतरी भोक पडले, हे बोलायला शिकण्याआधी कळलेले असेल. २०१८ मध्ये स्थानकाला जोडलेल्या एका सोयुझ यानाला जेमतेम २ मिलिमीटरचे छिद्र आढळले होते. हवेचा दाब हळूहळू उतरतो आहे, हीच त्याची पहिली खूण होती. आता हीच मुलगी तुमच्या गावच्या पुळणीवर उभी करा. दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात, हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वाहते, मध्येच एखादी झुळूक सुरूच्या बनातून सूं करत निघून जाते आणि मग सगळे एकदम पडते. आपल्याला यात जो आराम वाटतो, त्याच्या प्रत्येक चढउताराला तिचे शरीर धोक्याची घंटा समजेल. ती वर पाहणारही नाही. वारा कुठून कुठे जातो आहे, ते ती पाहील आणि भोक शोधील.

या ठिकाणी तुम्ही थोडा वेळ थांबावे असे मला मनापासून वाटते, कारण तुमच्या कथेचा गाभा मला इथे दिसतो. तिचा पहिला प्रश्न सौंदर्याचा नसून व्यवहाराचा असेल: 'ही हवा कशाने धरून ठेवली आहे?' याचे उत्तर खरोखर विलक्षण आहे. समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस मीटर जमिनीवर सुमारे १० टन हवेचा भार असतो, आणि ती हवा केवळ पृथ्वीच्या ओढीने जागच्या जागी राहिली आहे. छप्पर नाही असे नाही. छप्पर हवेचेच आहे, आणि बाहेरून येणारे किरण अडवण्याच्या कामी ते १० मीटर खोल पाण्याइतके जाड आहे. पणजीला हे आकडे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण पणती जेव्हा 'वर काहीच नाही' म्हणून बाहेर यायला नकार देईल, तेव्हा तिला हे कोण सांगते, कसे सांगते आणि सांगूनही तिच्या शरीराला ते पटायला किती दिवस लागतात, यात तुमची कथा आहे.

तुमच्या मैत्रिणीच्या मताबद्दल मला अधिक हळुवारपणे लिहायचे आहे, कारण ते मायेतून आले आहे. आपली माती आपल्या माणसाला ओळखते, असे आपण कोकणात नेहमी म्हणतो, आणि मुंबईहून गणपतीला किंवा शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याच्या बाबतीत ते खरेही असते, कारण त्याचे बालपण इथे गेलेले असते. त्याच्या मुलांचे काय? माझा एक चुलतभाऊ गिरगावातल्या चाळीत वाढला. सात-आठ वर्षांचा असताना तो पहिल्यांदा आमच्या गावी आला, आणि अंगणात अंथरुणे घातल्यावर रात्रभर रडत राहिला. चाळीच्या गॅलरीतला दिवा आणि शेजाऱ्यांचे आवाज नाहीत, म्हणजे सगळे लोक कुठेतरी निघून गेले आहेत, असे त्याला वाटत होते. पुढे त्याला गाव अतिशय आवडू लागले, पण ती आवड त्याने सुट्टीमागून सुट्टी इथे घालवून मिळवली. ती त्याच्या रक्तात आधीपासून नव्हती. तुमच्या नायिकेलाही ती मिळवू द्या. पहिल्याच पानावर तिला आनंदाश्रू दिलेत, तर पणजीला पुढे करण्यासारखे काही उरणार नाही.

आता ती ज्या घरातून आली, ते घर पक्के करा. १९७५ च्या उन्हाळ्यात नासाच्या एम्स संशोधन केंद्रात १०,००० माणसांसाठी अंतराळ-वसाहतीचा एक आराखडा तयार झाला. त्यात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे एक पोकळ कडे मिनिटाला एक फेरी घेते आणि त्या फिरण्यामुळे आत पृथ्वीइतके वजन जाणवते. तुमची वसाहत अशीच असेल, तर नायिकेच्या डोळ्यांना एक सवय जडलेली असणार: पुढची जमीन वर चढत जाते. दूरची माणसे आपल्यापेक्षा उंचावर दिसतात आणि शेवटी छताआड जातात. क्षितिज ही वस्तू तिने पाहिलेलीच नाही. तुमच्या पुळणीवर उभ्या राहिलेल्या माणसाला समुद्राचे क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असते, आणि दूर जाणारी होडी आधी खालून बुडत जाते. आपल्या लेखी ती होडी मासेमारीला गेली. तिच्या लेखी जमीन चारही बाजूंनी खाली ओघळते आहे आणि आपण एका घुमटाच्या माथ्यावर, कठड्याशिवाय उभे आहोत. भाचीला अपेक्षित असलेले भय हवेच असेल, तर ते इथे अधिक खरे ठरेल, आणि ते वर पाहण्याने नव्हे, समोर पाहण्याने येईल.

तशाच वसाहतीत २ मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू सरळ पायाशी न पडता सुमारे ९ सेंटिमीटर बाजूला पडते. तिच्या हाताला हे इतके सवयीचे असेल की, पणजीने पुढ्यात टाकलेला रायवळ आंबा ती झेलायला जाईल आणि तो दर वेळी निसटेल. शरीराची सवय ही किती चिवट असते, याचे अगदी जवळचे उदाहरण आपल्यापुढे आहे: २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला २० दिवसांच्या अंतराळप्रवासाहून परतल्यानंतर त्यांनी लॅपटॉप मिटून पलंगाच्या कडेला सहज सोडून दिला, कारण तो हवेत तरंगत राहील असे त्यांचा हात गृहीत धरून चालला होता. २० दिवसांनी हाताला हे शिकवले, तर १९ वर्षांनी काय शिकवले असेल, याचा विचार करा.

आणि खुद्द आकाश? दिवसा तिला ते आकाश वाटेल, याची मला खात्री नाही. अंतराळात भर उन्हातही आकाश काळे असते. हवेच्या रेणूंनी निळा प्रकाश विखुरल्यामुळे आपल्याला जो निळा रंग दिसतो, त्याला तिच्या अनुभवात जागा नाही. ताऱ्यांशिवायचा, सलग, निळा पृष्ठभाग डोक्यावर दिसला की ती त्याला मुकाट्याने छत समजेल आणि कदाचित थोडी निर्धास्तही होईल. मग एखादा समुद्रगरुड घिरट्या घेत वर जाऊ लागेल, लहान होत होत ठिपका होईल, तरी छताला टेकणार नाही. छत दूर दूर सरकते आहे, हे तिला त्या पक्ष्यामुळे कळेल. सह्याद्रीची निळी रांगही तिला जवळची वाटेल की दूरची, हे सांगता येत नाही, कारण निळसर धूसरपणा म्हणजे अंतर, हे आपल्याला हवेने शिकवले आहे. चंद्रावर हवा नसल्याने दूरची वस्तूही तितकीच स्पष्ट दिसते. १९७१ मध्ये अपोलो १४ चे दोन अंतराळवीर कोन नावाच्या विवराच्या अगदी काठाजवळ पोहोचूनही तो काठ न सापडल्याने परत फिरले होते.

पावसाबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेले नाही, पण कथा मे महिन्यात सुरू होते म्हणजे तो लांब नाही. अंतराळ स्थानकावर घाम, उच्छ्वासातली वाफ आणि मूत्र यांतले जवळजवळ ९८ टक्के पाणी आता परत वापरता येते. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या घरातली मुलगी रत्नागिरी जिल्ह्यात आली आहे, जिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक वहाळांतून खाडीला आणि खाडीतून समुद्राला मिळतो. तिला पावसाची भीती वाटणार नाही, ती संतापेल. एवढे पाणी कुणीच कसे धरून ठेवत नाही, असे ती पणजीला विचारील, आणि एप्रिलमध्ये दूरच्या विहिरीवरून हंडे वाहिलेल्या पणजीपाशी त्याला चांगले उत्तर नसेल. हा प्रसंग तुमच्याइतका चांगला कुणीच लिहू शकणार नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे मी मुद्दाम उशिरा वळतो आहे. तुम्ही या आकाशाला सरावला आहात असे तुम्ही म्हणता, पण कोकणातला माणूस आकाशाबद्दल निर्धास्त असतो, हे मला मान्य नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि पार दापोली-मंडणगडपर्यंत घरांची कौले आणि पत्रे उडाले, वर्षानुवर्षांच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. त्यानंतर कितीतरी दिवस लोकांनी रात्री उठून वर पाहिले असेल. वादळाची बातमी आली की होड्या वर ओढणारे, ढगांचा रंग पाहून वाळवण आत घेणारे लोक आकाशाला छप्पर मानत नाहीत. ते त्याच्याशी जपून वागतात. नायिकेची आणि पणजीची भेट इथे होऊ शकते. दोघींनाही ठाऊक आहे की डोक्यावरचे आवरण जाऊ शकते. एकीला ते भिंतीतल्या छिद्रातून ठाऊक आहे, दुसरीला उडालेल्या कौलांतून.

तरीही रोजचे नव्याने पाहायचे असेल, तर आकाश पाहण्याचा प्रयत्न सोडून द्या. एक दिवस सकाळपासून माजघरातच राहा, दारे-खिडक्या लावून, पंखा सुरू ठेवून, आणि संध्याकाळी सड्यावर जाऊन कातळावर उताणे पडा. त्या वेळी डोळ्यांना काय दिसले यापेक्षा कानांनी काय शोधले आणि पाठीने काय धरले, ते लिहून ठेवा. तुमच्या गावात व्यापारी बोटीवर काम करणारे कुणी ना कुणी असेलच. आठ-नऊ महिन्यांनी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात काय खटकते, ते त्यांना विचारा. माझे मामा बोटीवर होते. घरी आले की त्यांना झोप लागत नसे, कारण इंजिनाची घरघर नसे. शेवटी मामी उशाशी टेबलफॅन लावून ठेवी, थंडीच्या दिवसांतही. अशी परकेपणाची कथा लिहू पाहणाऱ्या इतरांनाही मी हेच सुचवीन, मग त्यांचा नायक चंद्रावरून येवो की आखातातून: येण्याचा प्रसंग लिहिण्याआधी तो जिथून आला त्या घरातल्या एका सामान्य दिवसाची चार पाने लिहा. ती कथेत आली नाहीत तरी चालेल.

आणि तिला गाडीतून उतरवून थेट आकाशाखाली उभी करू नका. आपल्या जुन्या घरांची मांडणी तुमच्या मदतीला आहे. माजघर काळोखे, चहूकडून भिंती असलेले; तिथे तिला पहिल्या दिवशी सर्वात बरे वाटेल. मग ओटी, मग एका अंगाने उघडी पडवी, मग मांडव घातलेले अंगण, जिथे नारळाच्या झापांमधून प्रकाशाचे कवडसे पडतात आणि आकाश तुकड्यातुकड्याने दिसते. मेच्या अखेरीस पाऊस तोंडावर आला की मांडव उतरवतातच. तिला नुकता कुठे धीर आला असताना एका सकाळी घरातली माणसे सवयीप्रमाणे झापे खाली ओढू लागतील, आणि आपण कुणाचे तरी छप्पर काढतो आहोत, हे त्यांच्या ध्यानातही येणार नाही.

पहिल्यांदा ती पूर्ण आकाशाखाली कधी येते, हे अर्थातच तुम्ही ठरवायचे आहे. मला सुचलेली एक शक्यता सांगून ठेवतो. मे महिन्यातली मध्यरात्र आहे. पंखा सुरू असल्यामुळे ती माजघरात शांत झोपली आहे. वळवाची चाहूल लागली आहे आणि आपल्याकडे नेहमी जातात तसे दिवे जातात. पंख्याची पाती मंदावतात आणि थांबतात. घरातले बाकीचे फक्त कूस बदलतात. ती मात्र थांबलेल्या हवेने खाडकन जागी होते आणि जीव वाचवण्यासाठी, जिथे हवा हलते आहे असे तिला वाटते तिकडे, म्हणजे बाहेर, धावत सुटते. मांडव दोन दिवसांपूर्वीच उतरवला आहे. अंगणात तिच्या चेहऱ्याला वारा लागतो, आणि श्वास परत लागल्यावरच तिला वर काय आहे ते दिसते: ढगांच्या मधल्या फटीत दक्षिणेकडचा वृश्चिक, तिच्या खिडकीतून रोज दिसणारा, पण हवेतून पाहिल्यामुळे इथे थरथरणारा. पणजी कंदील घेऊन पडवीपर्यंत येते. ती काय म्हणते, ते मला ठाऊक नाही. तुमच्या पत्रातल्या तिच्या दोन-तीन वाक्यांवरून मला वाटते की, ती आधी पोरीच्या पायांत चपला आहेत का ते पाहील.